आधी बर्फाची चौकशी, मग पाऊल

गिरीजची हिरा डोंगरी आम्ही भर मे महिन्यातही चढतो. घाम येतो, पाणी जास्त लागते, एवढेच. त्यामुळे उन्हाळा म्हणजे वाटा मोकळ्या, असा आपल्या लोकांचा समज होतो. हिमालयात तसे नाही. कुलूतून लाहौलकडे नेणारी हमटा खिंड सुमारे १४,००० फूट उंच आहे. तेथे जूनमध्येही बर्फ असतो. तो किती, हे त्या वर्षीच्या हिवाळ्यावर ठरते. मागील वर्षी जाऊन आलेल्यांचा अनुभव तेथे पुरत नाही.

म्हणून मनालीला पोहोचल्यावर, त्याच आठवड्यात वरून उतरलेल्यांना आणि गद्दी मेंढपाळांना विचारावे : ओढ्यावरचा बर्फ अजून टणक आहे का? त्याला खालून पाणी पोखरीत असते. पहाटे घट्ट असलेला बर्फ दुपारी भुसभुशीत होतो. तेव्हा खिंड सकाळीच ओलांडावी.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात ९ जण दगावले. वर्षभराची रजा आणि पुंजी साठवून गेलेल्या नोकरदाराला माघारी फिरणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. यासाठी बंधू-भगिनींनी कोठून परत फिरायचे ते घरीच, मुलाबाळांसमोर ठरवून निघावे. रजा पुन्हा साठते.