दुर्बलतेची सवलत

धर्मसंस्थांच्या इतिहासात अन्यायाचा प्रवेश बहुधा मागील दाराने होतो. तत्त्व आपल्या उच्चासनावर अबाधित राहते. त्याला एक अपवाद जोडला जातो आणि काळाच्या ओघात तो अपवादच नियम होऊन बसतो. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास या दृष्टीने चिंतनीय आहे.

प्रभुभोजनाच्या वेळी वर्णाचा भेद पाळू नये, असा निर्वाळा या चर्चच्या केप प्रांतातील धर्मसभेने १८२९ मध्ये दिला होता. पुढे भारतीय वाचकाला वेगळ्याच कारणाने स्मरणीय असलेल्या १८५७ या वर्षी तिने त्याला मुरड घातली. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच इष्ट आणि शास्त्रसंमत होय; मात्र काहींच्या दुर्बलतेमुळे धर्मकार्यात अडथळा येत असेल, तर अन्यवर्णीय ख्रिस्तीजनांची उपासना स्वतंत्र व्हावी, असा तो ठराव. येथे दुर्बल कोण होते? कृष्णवर्णीय शेजाऱ्याबरोबर एका मेजाशी बसणे ज्यांना सोसवत नव्हते, ते गोरे श्रद्धावंत. दुर्बलता त्यांची, तिचे मोल मात्र इतरांनी मोजायचे! १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे चर्चच स्थापन झाले. १९४८ नंतर वर्णविद्वेष हे राज्याचे धोरण बनले, तेव्हा त्याला आवश्यक असलेले धर्मशास्त्रीय समर्थन आधीच सिद्ध होते.

या परंपरेच्या गाभ्यातूनच तिचा टीकाकार निर्माण व्हावा, हे विशेष अर्थपूर्ण आहे. बेयर्स नॉडे (१९१५–२००४) हे आफ्रिकानेर समाजातील प्रतिष्ठित पाळक होते. ‘ब्रूडरबाँड’ या गुप्त राष्ट्रवादी संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पित्याचे ते पुत्र, आणि स्वतःही तिचे सभासद. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉटेस्लो येथील परिषदेत विविध चर्चांच्या प्रतिनिधींनी वर्णभेदाच्या धोरणावर प्रश्नचिन्ह उमटवले. शासनाचा रोष होताच नॉडे यांच्या चर्चने त्या निवेदनापासून अंग काढून घेतले. नॉडे यांनी ते घेतले नाही. १९६३ मध्ये त्यांनी उपदेशपीठाचा त्याग केला आणि ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’चे कार्य पत्करले. १९७७ मध्ये शासनाने त्या संस्थेवर बंदी आणली आणि नॉडे यांच्यावर १९८४ पर्यंत निर्बंध लादले. स्वजनांनी त्यांना द्रोही ठरवले. वस्तुतः ज्या शास्त्राचे संस्कार त्यांना घरात मिळाले होते, ते त्यांनी इतरांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतले, इतकेच.

१९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने वर्णविद्वेषाच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवले. त्याच वर्षी मिश्रवर्णीयांच्या चर्चने बेलहार येथे आपल्या श्रद्धेची कबुली सिद्ध केली आणि १९८६ मध्ये ती विधिवत स्वीकारली. १८८१ मध्ये ज्यांना दाराबाहेर बसवले होते, त्यांच्याच वंशजांनी एकतेचा अर्थ नव्याने मांडावा, यातील न्याय विलक्षण आहे.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतील चर्चांमधून जातिभेद पूर्णतः नाहीसा करण्याचा आदेश दिला. येथे दुर्बलतेला सवलत नव्हती. तेव्हा तंजावरकडील अनेक उच्चजातीय ख्रिस्तीजनांनी चर्चकडे पाठ फिरवली. भेद मात्र उरलाच. सवलतीने अन्याय दृढ होतो हे केपने दाखवले; केवळ आज्ञेने तो नष्ट होत नाही हे तंजावरने.

१९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्ववर्णीयांचे मतदान झाले. त्याच वर्षी मिश्रवर्णीय आणि कृष्णवर्णीय रिफॉर्म्ड चर्चे एकत्र आली. गोऱ्यांचे चर्च त्या मीलनात सामील झाले नाही. राज्याचा कायदा बदलला, पण १८५७ मध्ये वेगळे झालेले मेज जोडले गेले नाही. श्रद्धेची खरी कसोटी कदाचित अशा मेजापाशीच लागत असावी: शेजारी कोण बसले आहे, हे न पाहता भाकरीचा तुकडा पुढे करताना.