खुंटाचे नाव

हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही. त्यासाठी कलमच बांधावे लागते, हे कोकणातल्या मुलाला सांगावे लागत नाही. सफरचंदाची रीतही तीच आहे.

रशियात अंतोनोव्का नावाची सफरचंदाची एक जुनी जात आहे. तिचे फळ पिवळसर, आंबूस व अतिशय सुवासिक असते. इवान बुनिन या लेखकाने १९०० साली आपल्या एका कथेला याच सफरचंदांचे नाव दिले. हे झाड उणे ३० अंशांची थंडीही सोसते. म्हणून उत्तर अमेरिकेतील बागाइतदार तिच्या बियांची रोपे करून त्यांवर इतर जातींची कलमे बांधीत आले आहेत.

एखाद्या कडक हिवाळ्यात वरचे कलम मरते. खालचा खुंट मात्र तग धरून नवे धुमारे फोडतो. पुढे त्यालाच फळे येतात. पण नाव चालते ते मेलेल्या कलमाचे! मग जाणकार फळाचा रंग, चव व पिकण्याचा काळ ताडून पाहतात. तेवढ्याने भागले नाही, तर पानातील डीएनए ज्ञात जातींशी पडताळतात. तो कोठेच जुळला नाही, तर ते झाड बहुधा बियांचे, आपल्या परीचे एकुलते एक असते.

वर्गात धाकट्या भावाला कोणी थोरल्याच्या नावाने हाक मारली, की त्याचा चेहरा कसा उतरे, हे मी अनेकदा पाहिले आहे. परक्या नावाखाली स्वतःचे गुण झाकले जातात. असे झाड अनोळखीच वठले, तर त्याचा चिवटपणाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून नावाचा शोध चालू असतानाच त्याच्या डहाळीचे कलम बांधून ठेवावे. म्हातारे झाड आपल्यासाठी थांबत नाही.