एक चमचा विरजण

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं, की शनिशिंगणापूर फाट्याचं घोडेगाव येतं. शुक्रवारी इथं जनावरांचा मोठा बाजार भरतो. म्हशींच्या गर्दीतून वाट काढत मी खालाच्या घरी पोचले, ते फक्त एक चमचा दह्यासाठी!

गेल्या रमजानमध्ये सेहरीच्या घाईत अम्मीचं विरजण माझ्या हातून संपलं. अम्मी आता नाही. पण तिनंच कधीतरी त्यातलं खालाला दिलं होतं.

खालानं रीतही पुन्हा सांगितली. म्हशीचं दूध उकळून, बोट सोसेल इतकं कोमट करायचं. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण मिसळायचं. भांडं झाकून उबेला ठेवायचं, हलवायचं नाही. उन्हाळ्यात 5-6 तासांत, थंडीत रात्रभरात दही लागतं. दूध कढत असेल तर विरजणातले जीवाणू मरतात.

"खाण्याआधी उद्याचा चमचा बाजूला काढ, बेटा," खाला म्हणाली.

घरी पदार्थ आंबवायला शिकायचं असेल, तर भगिनींनो, दह्यापासूनच सुरुवात करा.

त्या रात्री दूध विरजलं. सकाळी, अल्हमदुलिल्लाह, दही घट्ट लागलं होतं. लेकीनं वाटी पुढे केली. मी आधी एक चमचा बाजूला काढला.