पगारी सेवा

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ते ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला निघाले. मला ते जमणारं नाही. घराचा हप्ता आहे. मी वॉर्डातली नर्स. काल रात्रपाळीत खिडकीजवळच्या आजींनी अंथरूण ओलं केलं आणि शरमेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. चादर बदलताना मी मुद्दाम नातवाचा विषय काढला. आजी खुलल्या, वर माझ्यासाठी विठोबाला साकडंही घातलं. मी हात जोडले. (आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काहींना हे रुचणार नाही.) येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही होते, मग माझी सेवा माणूस पारखून कशी चालेल? उद्या आजींना डिस्चार्ज आहे. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून द्यायच्या आहेत.