राजूर घाटातील पाझर

वैशाखात मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्यास येताना, राजूर घाटाच्या चढणीवर उष्णतामापकाचा काटा वर सरकू लागला, तेव्हा गाडी कडेला घेऊन स्वस्थ बसणे एवढेच हाती होते. कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे कोंडलेल्या वाफेस स्वहस्ते निमंत्रण देणे होय. वातावरणाइतका अधिक दाब असला की साधे पाणीही 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि तो दाब निसटताच तत्क्षणी उसळते.

गावातील मिस्त्रीने थंड झालेल्या यंत्रणेत हातपंपाने हवा भरली, पंपावरील दाबमापकाचा काटा हळूहळू उतरतो आहे, म्हणजे कोठेतरी गळती आहे, याची खातरजमा केली, आणि विजेरीच्या उजेडात वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र दाखविले. तेथे हिरवट, खरबरीत पुटे साचली होती. आतील सील झिजल्याची वर्दी मिळावी म्हणूनच ते छिद्र ठेवलेले असते. (ते लांबीने बुजवा असे सांगणारे महाभाग भेटतात, त्यांना दुरूनच नमस्कार करावा.) पंप बदलला, ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे कूलंट मिसळून भरले, आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनिशी निघून जाईतो मिस्त्री माझ्या उतावीळपणास एकच उत्तर देत राहिला : "थांबा ना जी साहेब, हवा तर निघू द्या."