दाखल्यावरील आकडा आणि घरातील गरज

संस्थेच्या या स्मरणिकेत अनेक जण वसतिगृहाच्या आठवणी लिहितील आणि ते उचितच आहे. आम्ही मात्र येथून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुढील वर्षांविषयी लिहिण्याचे ठरविले. निवासी शाळेत त्याच्या जेवणाची, अंथरुणाची, वह्यापुस्तकांची काळजी संस्था वाहते. महाविद्यालयाच्या दारात तो उभा राहिला, की त्याचे सारे भवितव्य एका कागदापाशी येऊन थांबते. तो कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना जे निवेदन सादर केले, त्यात आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून रक्कम मागितली होती. या मागणीमागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. गरज पारखणारा एक शिक्षक होता आणि मान्य करणारा एक उदार राजा होता. परंतु प्रत्येक मुलाच्या वाट्याला केळुस्कर गुरुजी आणि सयाजीराव येत नाहीत, हे बाबासाहेब जाणून होते. म्हणून कृपेच्या जागी त्यांनी हक्क मागितला. हक्क म्हटला की नियम आला आणि नियम म्हटला की मोजमाप आले.

आज हे मोजमाप असे आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिलाही हीच मर्यादा लागू आहे. उत्पन्न या रेषेच्या वर गेले, तर आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिपमधून शिक्षण व परीक्षा शुल्क मिळते. परंतु निर्वाह भत्ता मिळत नाही आणि स्वाधारचे दारही बंद होते.

अडीच लाखांची ही मर्यादा २०१३ पासून तशीच आहे. दरम्यान खोलीभाडे, खानावळ आणि बसभाडे किती वाढले, हे कोणत्याही पालकाला विचारावे. अडीच लाखांना बारांनी भागले, तर महिन्याला वीस हजार आठशे तेहतीस रुपये होतात. पाच माणसांच्या घरात माणशी सव्वाचार हजारही नाहीत.

आमच्या नागापूर एमआयडीसीतील कामगाराचे उदाहरण घेऊ. पगार अठरा हजार, तो बँकेत जमा होतो, भविष्य निर्वाह निधी कापला जातो. मुलाच्या प्रवेशासाठी पैसे लागतील म्हणून तो वर्षभर ओव्हरटाइम करतो आणि महिन्याला तीन हजार अधिक मिळवितो. वर्षाचे दोन लाख बावन्न हजार झाले. ज्या घामाने मुलाची फी भरायची, त्याच घामाने मुलाचा निर्वाह भत्ता गेला. पुढच्या वर्षी काम कमी झाले, ओव्हरटाइम बंद झाला, तरी प्रवेशाच्या वेळी जोडलेला दाखला मागील वर्षाचेच बोलतो. ज्याचा व्यवहार रोखीचा आहे, त्याचे उत्पन्न अंदाजाने ठरते. ज्याची पै न् पै पगारपत्रकावर आहे, त्याचे मात्र रुपयापर्यंत मोजले जाते. प्रामाणिक नोंदीची शिक्षा अशी कष्टकऱ्यालाच भोगावी लागते. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही, पण परिणाम हाच आहे.

उत्पन्न आणि गरज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घरात किती येते, एवढेच दाखला सांगतो. डोक्यावर कर्ज किती, आजारी कोण, एकाच वेळी किती मुले शिकतात, गावी गुंठाभर तरी जमीन आहे की नाही, हे तो सांगत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन, विद्या आणि व्यापार यांपासून दूर ठेवले गेले, त्यांची दैन्यावस्था एका वर्षाच्या मिळकतीत मावत नाही, असे इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांला वाटते. २०२१ साली केंद्राने या शिष्यवृत्तीची पुनर्रचना केली, तेव्हा अतिगरीब कुटुंबे शोधण्यासाठी आईवडिलांपैकी कोणी निरक्षर आहे काय आणि विद्यार्थी शासकीय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेतून दहावी झाला आहे काय, या बाबींचाही विचार केला. हा विचार योग्य दिशेचा आहे. तो उत्पन्नाच्या मर्यादेपर्यंतही पोहोचला पाहिजे. मर्यादा महागाईशी जोडावी आणि रेषा ओलांडताच सारे काढून घेण्याऐवजी भत्ता टप्प्याटप्प्याने कमी करावा, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

नियम बदलेपर्यंत शिक्षकाला आणि संस्थेला करता येण्याजोगे बरेच आहे. नववीपासूनच प्रत्येक विद्यार्थ्याची एक फाईल असावी. त्यात जातीचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत, आधारशी जोडलेले बँक खाते यांच्यासोबत एक साधे पान असावे. घरात कमावते कोण, वर्षातून किती महिने काम मिळते, कर्ज कशासाठी काढले, याची नोंद वर्गशिक्षकाने मुलाला एकांतात विचारून करावी. भर वर्गात कोणाचीही गरिबी उभी करू नये. आपल्या मुलांनी तो अपमान पुरेसा सोसला आहे.

दुसरी सूचना माजी विद्यार्थ्यांना आहे. आपल्यापैकी अनेक जण आज नोकरीत स्थिर आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते. खानावळीचे पैसे मात्र महिन्याच्या आरंभीच द्यावे लागतात. संस्थेने एक लहानसा निधी उभारावा. रेषेच्या दोन-चार हजार वर असलेल्या घरातील मुलांचा विचार त्याने आधी करावा आणि निवड त्या साध्या पानावरून व्हावी. येत्या जूनमध्ये दहावीची तुकडी बाहेर पडेल. तत्पूर्वी या कामाचा आरंभ व्हावा, ही आमची विनंती आहे आणि त्यातील आमचा वाटा देण्यास आम्ही सिद्ध आहोत.