हठमारी फाइल

आमच्या सासूबाई धारवाडकडच्या. कुणी ऐकेनासं झालं की म्हणतात, "हठमारी!" मराठीतल्या हट्टाचंच हे कानडी भावंड. नातवाला रोज मिळणारी ही पदवी गेल्या महिन्यात चक्क कॉम्प्युटरमधल्या एका फाइलला मिळाली.

डिस्क १०० टक्के भरलेली आणि मुलाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जागा हवी. आमच्याकडे लिनक्स, आमच्या ह्यांनी बसवलेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून त्या यंत्राची उस्तवार माझ्याकडे. 'आरएम' ही तिथली काढून टाकायची आज्ञा. बराच पसारा तिने निमूट गेला. एका फाइलचं नावच आडव्या रेघेने सुरू होत होतं, त्यामुळे आरएमला तो हुकमाचाच भाग वाटे. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली, गेली. काहींवर 'परवानगी नाही' असं उत्तर आलं. गंमत म्हणजे फाइल काढायचा हक्क फाइलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ठरतो. उताऱ्यावरचं नाव कमी करायला दप्तर ज्याच्या ताब्यात त्याच्याकडेच जावं लागतं, तसं. 'सुडो' लावून 'रूट'चा, म्हणजे मुख्य मालकाचा, अधिकार घेतला. त्याही गेल्या.

एक मात्र हलेना. ९ जीबीची, आणि रूटलाही नकार! 'एलएसॲटर'ने तिचे गुणधर्म पाहिले, तर त्यात बारीकसा 'आय'. म्हणजे अचल: बदलायची नाही, पुसायची नाही. ही खूण रूटच्या अधिकारानेच लावता येते. तो पासवर्ड घरात दोघांनाच ठाऊक होता, आणि मी ती लावली नव्हती.

उघडून पाहिलं. सासूबाई जात्याशी बसून बीसुकल्लिन पद म्हणताहेत. मागून ह्यांचा आवाज, "आई, जरा मोठ्यानं." त्यावर सासूबाई, "सुम्नीरो!" तेव्हा मुलगा लहान होता, हाती लागेल ते पुसायचा. कुलूप त्याच्यासाठीच असणार.

'चॅटर वजा आय' एवढं लिहिलं की कुलूप निघतं. सासूबाई शेजारी बसून पडद्याकडे बघत होत्या. मी ते लिहिलं नाही. मुलाने न सांगता आपले चार सिनेमे काढले, प्रोजेक्ट बसला.

ही डिस्कही आता म्हातारी. म्हणून बाहेरच्या डिस्कवर लिनक्सच्याच पद्धतीने एक प्रत केली. साध्या प्रतीबरोबर ती खूण जात नाही, नव्याने लावावी लागते. ती मी लावली.